घाटाला जादा बैलजोडी : पेट्रोल वाचवणारी हायब्रिड मोटार

आषाढी वारीत माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघाली की वाटेत दिवेघाट लागतो. सपाटीला पालखीचा रथ एका बैलजोडीवर चालतो. घाटाच्या पायथ्याशी आला की पुढे जादा जोड्या जुंपतात आणि घाट चढून वर आला की त्या सोडून देतात. या जादा जोड्या पंढरपूरपर्यंत कायमच्याच का जुंपत नाहीत, असे कोणी विचारले तर शेतकरी हसेल. सपाटीला दोन बैलांचे काम असताना आठ-दहा बैलांची वैरण कोण घालणार?

पेट्रोलवर चालणाऱ्या साध्या मोटारीत मात्र आपण नेमके हेच करत आलो आहोत. पाच माणसे आणि त्यांचे सामान घेऊन घाट चढावा, पुढची ट्रक पटकन मागे टाकता यावी, म्हणून शंभर अश्वशक्तीच्या आसपासचे इंजिन बसवायचे. आणि एरवी सपाट रस्त्याला ताशी पन्नास-साठ किलोमीटर वेगाने जाताना त्यातली दहाएक अश्वशक्तीच वापरायची. उरलेले बैल काम करत नाहीत, पण वैरण खातात. सिग्नलला गाडी उभी असली तरी खातात.

हायब्रिड मोटारीने ही जादा जोडी वेगळी काढली. इंजिन पेट्रोलचेच ठेवले, आणि त्याच्या जोडीला एक विजेची मोटार दिली. गरज पडली की ती जुंपायची, नाही पडली तर सोडायची, आणि सोडलेली असताना तिला वैरण नाही. एवढीच कल्पना. बाकीचा सगळा खटाटोप ती अमलात कशी आणायची याचा आहे.

हायब्रिड हा शब्द आपल्याला नवा नाही. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली तेव्हापासून खेड्यापाड्यांत ‘हायब्रिड’ म्हटले की ज्वारीच डोळ्यांसमोर येते. तिथे दोन वाणांचा संकर, इथे दोन यंत्रांचा.

तात्यांची शंका

माझे थोरले चुलतभाऊ, त्यांना सगळे तात्याच म्हणतात, गेल्या वर्षापासून गाडी घेण्याच्या विचारात आहेत. उसाचे बिल, दोन म्हशी विकून आलेले पैसे आणि वरचे बँकेचे कर्ज असा मेळ घालायचा होता. घरातली तरुण मंडळी म्हणत होती, घ्यायची तर हायब्रिडच घ्या. तात्यांचा विश्वास बसेना. पुतण्या हडपसरला नोकरीला आहे, त्याने अशी गाडी घेतलेली. तात्यांचे डोळे तपासायला आम्ही पुण्याला गेलो होतो, तेव्हा परत येताना त्याच्याच गाडीतून आलो.

हडपसरच्या गर्दीत गाडी थांबली आणि इंजिनाचा आवाजच बंद झाला.

“काय रं, बंद पडली व्हय?” तात्या म्हणाले.

“नाही तात्या, इंजिन थांबलंय फक्त. गाडी चालूच आहे.”

पुढची गाडी हलली तशी आमचीही हलली, पण बिनआवाजाची. बैलाच्या पायांत घुंगरू नसावेत तशी. वीस-पंचवीस पावले गेल्यावर वेग वाढला आणि इंजिन आपोआप चालू झाले. पुढे परत थांबलो, परत बंद. तात्या खिडकीतून बघायचे सोडून गाडीच्या आतल्या काट्यांकडे बघू लागले.

“हिला रात्रीची चार्जिंगला लावावी लागत आसंल की. आपल्याकडं लाइट कवा येती, कवा जाती, त्याचा भरवसा न्हाई.”

ही शंका बहुतेकांच्या मनात असते, म्हणून आधी तीच फेडू. साध्या हायब्रिड गाडीला चार्जिंगची वायर लावायची नसते. लावायला जागाच नसते. पंपावर पेट्रोल भरायचे, एवढेच. (वायर लावून चार्ज करायच्या हायब्रिड गाड्याही जगात आहेत, त्यांना ‘प्लग-इन’ म्हणतात. त्या वेगळ्या.) गाडीत जी वीज वापरली जाते ती सगळी गाडीतच तयार होते, आणि ती शेवटी पेट्रोलपासूनच येते. बाहेरून फुकट काही मिळत नाही.

तात्यांनी लगेच पकडले. “मंग वाचतं कुठनं?”

प्रश्न बरोबर आहे. वाचते ते नवीन काही मिळवून नाही. आधी वाया जात होते ते धरून ठेवून.

पेट्रोल जाते कुठे?

एक लिटर पेट्रोल जळाले की त्यातून सुमारे नऊ युनिट उष्णता निघते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावर असते तेच. विहिरीवरची पाच अश्वशक्तीची मोटार तासाला चार-साडेचार युनिट घेते. म्हणजे एका लिटरमधली सगळी शक्ती हाती आली असती, तर मोटार दोन तास चालली असती. पण इंजिन म्हणजे शेवटी धग. बरीचशी उष्णता रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून हवेत जाते. चांगले इंजिन चांगल्या चालीत असेल तर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास कामी येते. शहरातल्या गर्दीत तर चाकापर्यंत पाचवा हिस्साही पोहोचत नाही.

असे का? पाणी धरताना कधी एकाच सरीला थोडेच पाणी हवे असते, म्हणून आपण डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह निम्म्याहून जास्त आवळतो. पाणी निम्मे येते, पण मीटर काही निम्मा फिरत नाही. मोटार कोंडलेल्या वाटेशी झगडत राहते. पेट्रोल इंजिनात अशीच एक झडप असते. ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवला की ती जवळजवळ मिटते आणि इंजिनाला चिंचोळ्या फटीतून हवा ओढावी लागते. त्यात जी शक्ती जाते तिचा उपयोग कोणालाच नाही. मोठे इंजिन हळू चालवणे म्हणजे आवळलेल्या व्हॉल्व्हवर मोटार चालवणे. आणि गाडी उभी असताना इंजिन नुसते फुरफुरत ठेवले तर तासाला अर्धा ते एक लिटर जाते. अंतर मात्र शून्य.

हायब्रिड गाडीतला लहानसा संगणक हे सतत पाहत असतो. गाडी उभी असेल किंवा अगदी हळू सरकत असेल तर तो इंजिन बंद करतो आणि विजेच्या मोटारीवर काम भागवतो. इंजिन चालू ठेवायचे तर त्याला पुरेसे काम देतो. चाकांना तेवढी शक्ती नको असेल तर उरलेली बॅटरीत घालतो. शेतपंपाला लाइट रात्री येते म्हणून आपण रात्री शेततळे भरून घेतो आणि पिकाला दिवसा, लागेल तसे देतो. पंप त्याच्या सोयीने चालतो, पीक त्याच्या सोयीने पिते. मध्ये तळे असल्यामुळेच हे जमते. इथे तळ्याचे काम बॅटरी करते.

अशा गाडीतले इंजिनही निराळ्या बेताचे असते. जेम्स ॲटकिन्सन नावाच्या इंग्रज माणसाने १८८२ साली एक पद्धत शोधली होती, त्यावरून त्याला ॲटकिन्सन इंजिन म्हणतात. गुऱ्हाळात ऊस चरकातून एकदाच काढला तर चिपाडात रस राहतो. साध्या इंजिनातून जळका वायू बाहेर पडतो तेव्हा त्यातही असाच जोर शिल्लक असतो. ॲटकिन्सन पद्धतीत वायूला पसरायला जास्त वाव दिलेला असतो, म्हणजे चिपाड दुसऱ्यांदा पिळले जाते. मग सगळ्याच गाड्यांत हे का नाही? कारण या इंजिनाला सुरुवातीची ओढ कमी असते. एकटे असेल तर गाडी जागची उचलताना ते कुरकुरते. पण विजेच्या मोटारीला ओढ पहिल्या क्षणापासून पुरी असते. शंभर वर्षांपूर्वीच्या या इंजिनाला खरी जोडीदारीण मिळाली ती हायब्रिड गाडीत.

ब्रेक आणि सायकलचा डायनामो

मला स्वतःला सगळ्यात आवडलेला भाग ब्रेकचा आहे.

आमच्या लहानपणी सायकलला डायनामो असायचा. रात्री तो टायरला टेकवला की दिवा लागायचा, पण पायडल जड व्हायचे. त्या जडपणाचा राग यायचा. पण तो जडपणा म्हणजेच वीज होती. फुकट दिवा लागत नव्हता, आपल्या मांड्यांतून लागत होता. आता उलटा विचार करा. आपल्याला थांबायचेच आहे, तेव्हा डायनामो टेकवला तर? जडपणाने सायकल थांबेल आणि वर वीज मिळेल.

हायब्रिड गाडी हेच करते. विजेची मोटार आणि डायनामो ही मुळात एकच वस्तू आहे. वीज दिली की ती फिरते आणि चाकाला फिरवते. उलट चाकाने तिला फिरवले की ती वीज देते. ब्रेकवर हलका पाय दिला की आधी ही मोटार डायनामो होते, गाडीचा वेग ओढून घेते आणि त्याची वीज बॅटरीत टाकते. जोरात ब्रेक मारला किंवा अगदी थांबायची वेळ आली, तरच नेहमीचे घासणारे ब्रेक लागतात. म्हणून या गाड्यांचे ब्रेक-पॅडही जास्त दिवस टिकतात.

यात किती मिळते याचा हिशेब करून पाहू. माणसांसह गाडीचे वजन चौदाशे किलो धरा आणि वेग ताशी साठ. एवढ्या वेगात गाडीत जी शक्ती साठलेली असते, ती मिळवायला साध्या इंजिनाला सुमारे पंचवीस मिलिलिटर पेट्रोल जाळावे लागते. साध्या गाडीत ब्रेक मारला की ही सगळी शक्ती ब्रेक तापवण्यात जाते. असे चाळीस वेळा थांबलो की एक लिटर पेट्रोल नुसते ब्रेक तापवायला गेले. शहरात किंवा गतिरोधकांनी भरलेल्या रस्त्यावर चाळीस वेळा थांबणे म्हणजे काहीच नाही. हायब्रिड गाडीतही सगळी शक्ती परत येत नाही. डायनामोत थोडी जाते, बॅटरीत घालताना थोडी जाते, काढताना थोडी. निम्म्याच्या आसपास हाती लागली तरी ती आधी पूर्ण वाया जात होती.

मुंबईच्या नव्या लोकल गाड्यांतही हीच युक्ती आहे. थांबताना गाडीच्या मोटारी वीज तयार करतात आणि वरच्या तारेत परत सोडतात. ती दुसऱ्या गाडीच्या कामी येते. लोकलला तार आहे, मोटारीला ती नाही, म्हणून मोटारीला बॅटरी बाळगावी लागते.

त्या दिवशी सासवडला पोहोचल्यावर तात्यांनी पुतण्याला पुन्हा माघारी घाट उतरायला लावला. त्यांना बघायचे होते. उतरायला लागलो तसा बॅटरीचा काटा वर वर सरकू लागला. तात्या खूश. पण घाट निम्माही उतरला नाही तोच काटा थांबला आणि इंजिनाची घरघर ऐकू येऊ लागली. “आता का गं बाई वरडाय लागली?” बॅटरी भरली होती. आणखी वीज ठेवायला जागा नव्हती, तेव्हा मोटार इंजिनाला नुसतीच, पेट्रोल न देता फिरवत होती; म्हणजे गाडी उतारावर इंजिनाने रोखली जात होती. आपण ट्रॅक्टर घाटात खालच्या गिअरला टाकतो तसेच. तळे भरले की सांडव्यावरून पाणी जाणारच.

बॅटरी केवढी?

तळे म्हटले खरे, पण ते फार लहान आहे. मारुतीच्या ग्रँड विटारा गाडीच्या हायब्रिड प्रकारात बॅटरी पाऊण युनिटाची, बरोबर सांगायचे तर ०.७६ युनिटाची आहे. आपली पाच अश्वशक्तीची शेतमोटार तिच्यावर दहाच मिनिटे चालेल. निव्वळ विजेवर चालणाऱ्या मोटारीत तीस-चाळीस युनिटांची बॅटरी असते. म्हणून हायब्रिड गाडी नुसत्या विजेवर फार लांब जात नाही. मैलभर गेली की इंजिन जागे होते. तिच्याकडून ती अपेक्षाही नाही. ब्रेकमधून मिळालेले धरायचे आणि पुढच्या उचलीला देऊन टाकायचे, इतकेच तिचे काम. लहान असल्याने ती हलकी आणि विजेच्या गाडीच्या बॅटरीपेक्षा खूप स्वस्त असते.

“बॅटरी गेली की गाडी भंगारात” असे पारावर ऐकू येते. ते तसे नाही. संगणक या बॅटरीला कधी काठोकाठ भरू देत नाही आणि कधी तळ गाठू देत नाही. मधल्या पट्ट्यातच खेळवतो. त्यामुळे ती पुष्कळ टिकते. २०२२ साली आपल्याकडे आलेल्या मारुती आणि टोयोटाच्या हायब्रिड गाड्यांच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी दिलेली होती. जुनी गाडी घेणाराने मात्र हमी किती उरली आहे ते कागदावर बघावे, तोंडी विश्वास ठेवू नये.

दोन यंत्रांची शक्ती एका चाकापर्यंत न्यायची कशी, हा मोठा कठीण प्रश्न होता. टोयोटाने त्यासाठी दातचक्रांची एक मांडणी वापरली. मध्ये एक चक्र, त्याच्याभोवती फिरणारी लहान चक्रे आणि बाहेरून आतल्या बाजूला दाते असलेले कडे. ट्रॅक्टरच्या मागच्या धुऱ्यातला डिफरन्शियल वळणावर दोन चाकांना वेगवेगळा वेग वाटून देतो, तशीच ही मांडणी इंजिनाची शक्ती वाटते : काही भाग थेट चाकाला, काही डायनामोला. यात क्लच नाही, गिअर बदलणे नाही. होंडाच्या सिटी हायब्रिडमध्ये वेगळी तऱ्हा आहे. तिथे बहुतेक वेळ इंजिन डायनामो फिरवते आणि चाके मोटारच फिरवते. महामार्गावर वेग घेतला की इंजिन सरळ चाकांना जोडले जाते. रेल्वेचे डिझेल इंजिनही असेच असते, हे पुष्कळांना माहीत नसते. १९६४ पासून वाराणसीला तयार होऊ लागलेल्या इंजिनांत डिझेल जनित्र फिरवीत असे आणि चाके फिरवत त्या विजेच्या मोटारी.

कल्पना तशी जुनीच. फर्डिनांड पोर्श याने १९०० साली ऑस्ट्रियात पेट्रोल इंजिन, डायनामो, बॅटरी आणि चाकांतल्या मोटारी असलेली गाडी केली होती. पण बॅटऱ्या शिशाच्या आणि जड, विजेवर ताबा ठेवणारी साधने नाहीत. ती मागे पडली. पुढे डिसेंबर १९९७ मध्ये टोयोटाने जपानात प्रियस ही गाडी विकायला काढली. ताकेशी उचियामादा हे तिचे प्रमुख अभियंते. मोठ्या संख्येने तयार झालेली ही पहिली हायब्रिड मोटार. आपल्याकडे २००८ पासून अशा गाड्या येत होत्या, पण त्या श्रीमंतांच्या. मध्यम घरांनी विचार करावा अशा गाड्या २०२२ साली आल्या.

वहीतला हिशेब

आता तात्यांच्या मुद्द्याचे. त्यांनी घरी आल्यावर वही काढली आणि आम्ही दोघे बसलो.

एकाच गाडीचा साधा पेट्रोल प्रकार आणि हायब्रिड प्रकार यांच्या किमतीत दोन लाखांचा फरक धरला. पेट्रोल लिटरला शंभर रुपये, हिशेबाला सोपे. कागदावर ग्रँड विटारा हायब्रिडचे ॲव्हरेज २७.९७ सांगितले आहे. पण ते चाचणीतले. आम्ही हायब्रिडला बावीस आणि गावातल्या रहदारीत साध्या गाडीला पंधरा धरले. शंभर किलोमीटरला साध्या गाडीला पावणेसात लिटरच्या जवळपास लागते, हायब्रिडला साडेचार. वाचले दोन लिटरांहून थोडे जास्त, म्हणजे दोनशे बारा रुपये.

पुतण्या वर्षाला पस्तीस हजार किलोमीटर चालवतो, तेही सगळे पुण्याच्या गर्दीत. त्याचे वर्षाला चौऱ्याहत्तर हजार वाचतात. पावणेतीन वर्षांत दोन लाख फिटले, पुढचा नफा.

तात्यांचे वर्षाचे फिरणे आठ हजारांच्या वर जात नाही. बाजार, लग्ने, दवाखाना, कधी तुळजापूर. त्यांचे वाचतात सतरा हजार. दोन लाख फिटायला जवळजवळ बारा वर्षे. आणि ते दोन लाख कर्जाचे असले, तर दर साल दर शेकडा नऊने पहिल्या वर्षाचे व्याजच अठरा हजार होते. म्हणजे वाचलेले पेट्रोल व्याजालाही पुरत नाही. हा आकडा लिहिल्यावर तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत.

शिवाय त्यांचे बरेचसे फिरणे मोकळ्या रस्त्याचे. मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने जाणाऱ्या साध्या गाडीलाही अठराचे ॲव्हरेज मिळू शकते. तिथे थांबणे नाही, ब्रेक नाही, मग धरून ठेवायला वाया जाणारे तरी काय असणार? फरक शंभर किलोमीटरला एकाच लिटरवर येतो. हायब्रिड गाडी कमाई करते ती गर्दीत, गतिरोधकांवर आणि चढउतारांवर. भाड्याने गाडी चालवणाऱ्या, शहरात रोज फिरणाऱ्या मुलाने ती जरूर बघावी. महिन्यातून चारदा गाडी बाहेर काढणाऱ्याने आधी वही काढावी. सरकारी कराचेही लक्षात ठेवा : २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले, निव्वळ विजेच्या गाडीला पाच टक्के, तर चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडला चाळीस टक्के.

दुकानात गेल्यावर एक प्रश्न न विसरता विचारा : “इंजिन बंद ठेवून गाडी नुसत्या बॅटरीवर जागची हलते का?” कारण ‘हायब्रिड’ अशी पाटी काही अशा गाड्यांवरही असते, ज्यांत फक्त थोडा मोठा स्टार्टर-डायनामो असतो. तो इंजिनाला हातभार लावतो, सिग्नलला बंद-चालू करतो, पण एकट्याने गाडी ओढत नाही. त्याने थोडेफार वाचते. वर लिहिलेला सगळा प्रकार त्यात नाही.

खेड्यात वापरायची असेल तर

ही गाडी ढकलून चालू होत नाही. मोठ्या बॅटरीशिवाय तिच्यात नेहमीची बारा व्होल्टची लहान बॅटरीही असते. ती बसली की गाडीचा संगणकच उठत नाही. महिना-महिना गाडी शेडमध्ये झाकून ठेवणाऱ्यांना हा अनुभव येईल, तेव्हा अधूनमधून फिरवावी. बंद पडलेली हायब्रिड ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत न्यायची नाही. चाके फिरली की आतली मोटार वीज करू लागते आणि नुकसान होते. पुढची चाके उचलूनच न्यावी लागते. बऱ्याच गाड्यांत बॅटरीला थंड हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून मिळते. तिथे कांद्याची पोती रचू नका आणि जाळीत धूळ-भुसकट साचू देऊ नका.

उंदरांचा उपद्रव आपल्याकडे ठरलेलाच. नारिंगी रंगाच्या जाड वायरी दिसल्या तर त्यांना हात लावू नका आणि गावच्या कारागिराला लावू देऊ नका. त्यांत शेकडो व्होल्ट असतात. नारिंगी रंग त्यासाठीच दिलेला असतो.

मग ट्रॅक्टर हायब्रिड का नाही, असे पारावर एकाने विचारले. नांगरट करताना ट्रॅक्टर तासन् तास एकाच जोराने ओढत असतो. तिथे इंजिन आधीच भरपूर कामाला जुंपलेले असते, ब्रेक तर क्वचितच. वाचवायला फार काही शिल्लकच नसते. पण ऊस घेऊन कारखान्याच्या रांगेत ट्रॅक्टर उभा असताना कित्येक जण इंजिन चालूच ठेवतात. तिथे जे काम संगणक करतो ते आपल्या हाताला करता येते.

उसाचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट. २९ ऑगस्ट २०२३ रोजी दिल्लीत नितीन गडकरी यांच्या हस्ते टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉस गाडीचा एक नमुना दाखवण्यात आला. ती हायब्रिड आहे आणि इथेनॉलवरही चालते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश उष्णता कमी, त्यामुळे साध्या गाडीत त्याचे ॲव्हरेज पडते. हायब्रिड यंत्रणा जे वाचवते त्यातून ही तूट बरीचशी भरून निघते. उसाच्या मळीपासून आणि रसापासून इथेनॉल तयार होते, तेव्हा अशा गाड्या पुढे बाजारात किती येतात यात ऊस लावणाऱ्याचाही संबंध आहे.

तात्यांनी अजून गाडी घेतलेली नाही. साधीच पेट्रोल गाडी घ्यायची, कर्ज कमी काढायचे, असे जवळजवळ ठरले आहे. पण थोरला मुलगा आता सासवडहून पुण्याला रोज जाऊन-येऊन धंदा करायचे म्हणतो आहे. तसे झाले तर वर्षाचे किलोमीटर तिप्पट-चौपट होतील, आणि तेही हडपसरच्या गर्दीतून, दिवेघाटातून. वहीत एक पान त्यासाठी कोरे ठेवले आहे. उसाचा दुसरा हप्ता आला की ते भरायचे, असे तात्या म्हणतात.